गज तारेवरून सुटेपर्यंत

पन्नाशी हाकेच्या अंतरावर आली असताना मी व्हायोलिनचा गज उडवायला शिकायचं मनावर घेतलं, आणि त्याला कारण झाली एक तुटलेली तार.

काशीदजवळच्या आमच्या गावात देवळाचा उत्सव असतो. तिथे भजनाला व्हायोलिनची साथ मी करते. लग्नाआधी नागावला करत होते, लग्नानंतर इथे. त्या वर्षी अभंग चांगला रंगात आला होता आणि माझी तार तुटली. तिच्या झटक्याने तारांखालची लाकडी घोडीही आडवी झाली आणि वाद्य मुकं झालं. मी गज मांडीवर ठेवून बसून राहिले. पेटी चालू होती, पखवाज चालू होता, टाळ तर होतेच. तो अभंग संपला, पुढचा झाला, आरती झाली. मग बुवा पान जुळवता जुळवता माझ्याकडे वळून म्हणाले, "आज साथ फार सुरेख झाली हो, ताई!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरी येऊन सांगितलं तर नवरा पोट धरून हसला. सासूबाई म्हणाल्या, "बरंच झालं की. हात दुखला नाही." मला काही हसू आलं नाही. इतकी वर्षं मी जे वाजवत होते ते नसलं तरी कुणाचं काही अडत नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं आणि ते मला फार लागलं. एकदा तरी अशा ठिकाणी वाजवायचं, जिथे मी थांबले तर लोकांना कळेल, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं.

अलिबागला एक वयस्कर गृहस्थ राहतात. उभी हयात त्यांनी मुंबईत सिनेमाच्या गाण्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये व्हायोलिन वाजवलं आणि निवृत्त झाल्यावर इकडे घर बांधलं. त्यांनी चार जणांचा एक पाश्चात्त्य संगीताचा गट जमवला होता. पहिलं व्हायोलिन ते स्वतः, उभा धरून वाजवायचा मोठा चेलो एक डॉक्टरीणबाई, आणि व्हियोला म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, तो वाजवणारे उरणच्या गॅस प्लान्टमधून निवृत्त झालेले एक काका. दुसरं व्हायोलिन वाजवणाऱ्या बाई मुलाकडे परदेशी कायमच्या गेल्या आणि ती खुर्ची रिकामी झाली. मला हे कळलं आणि मी रविवारी सकाळची एसटी धरून त्यांच्या दारात उभी राहिले. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय मला नाही. म्हटलं, "सर, मला ती खुर्ची हवी आहे."

त्यांनी आधी चहा दिला. मग म्हणाले, "वाजव."

हनुवटीखाली धरून वाजवायला आणि कागदावरचं स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचायला मी हौसेने शिकले होते. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईला शिकायची लाज नसते. मी वाजवलं, त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"हात गोड आहे तुझा," ते म्हणाले. "लेकिन तुझा गज तारेला गोंद लावल्यासारखा चिकटलाय. आमच्या या पीसमध्ये तुझं अर्धं काम उडत्या गजाचं आहे. हे बघ."

असं म्हणून त्यांनी आपलं व्हायोलिन घेतलं. गज तारेवर जेमतेम हलत होता, पण प्रत्येक सुराला तो तारेवरून सुटत होता आणि परत येत होता. सूर सुटे, टपोरे पडत होते. त्यांच्या चेहऱ्यावर कसला ताण नव्हता, मनगट तेवढं थरथरत होतं. मी अधाशासारखी बघत राहिले.

"दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी ऐकतो," ते म्हणाले. "जमलं तर खुर्ची तुझी. नाही जमलं तर मुंबईहून माणूस बोलावतो. जानेवारीत कार्यक्रम आहे, मला जास्त थांबता येत नाही."

तेव्हा नुकता पावसाळा सुरू झाला होता. मी म्हटलं, जमेल. बोलायला काय जातं!

माझी खरी अडचण हातात नव्हती, ती वडिलांमध्ये होती. मला वाजवायला त्यांनीच शिकवलं. आपल्याकडे व्हायोलिन म्हणजे गळ्याची सावली. गाणारा एका श्वासात जेवढं गातो तेवढं एका गजात यायला हवं, आणि मध्ये गज तारेवरून सुटला की सुराची सलग आस तुटते. लहानपणी माझा गज चुकून उचलला गेला की ते माझ्या मनगटावर बोटाने टिचकी मारायचे आणि म्हणायचे, "उचलायचा नाही. गज उचलला की गाणं मेलं." ते जाऊन बरीच वर्षं झाली, पण ती टिचकी माझ्या मनगटात मुक्कामाला होती. मी गज उडवायला गेले की मनगट आपोआप आवळलं जाई आणि गज तारेवर घट्ट बसून राही.

सराव कुठे करायचा हा प्रश्न होताच. आमची नारळी-पोफळीची वाडी, आणि वाडीतल्या दोन खोल्या आम्ही शनिवार-रविवार पर्यटकांना देतो. घरात सुरुवात केली तर दुसऱ्याच दिवशी एका पाहुण्याने नवऱ्याला विचारलं, "सुतारकाम किती वाजेपर्यंत चालणार आहे?" त्यानंतर माझी रवानगी विहिरीजवळच्या पंपाच्या खोलीत झाली. तिथे पाइप, युरियाची रिकामी पोती आणि एक जुनी खुर्ची. नारळ पाडायला येणारा गडी एकदा दारातून डोकावून म्हणाला, "ताई, काय ठोकताव? मी देऊ का ठोकून?" मी त्याला गज दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "ह्येनं खिला जायाचा न्हाय."

आषाढ-श्रावणात तर गजानेही माझ्याशी वैर धरलं. समुद्राची दमट हवा लागली की गजाचे केस सैल पडतात. सकाळी स्क्रू फिरवून ताणावेत, तर दुपारपर्यंत ते पुन्हा लोंबकळतात. सैल गज उडत नाही, आणि फार ताणला की पिसाळल्यासारखा कुठेही उडतो. वर केसांना लावलेली राळ चिकट होऊन सूर खरखरतो. मी स्क्रू फिरवत होते, चिडत होते, पुन्हा फिरवत होते. शाळेतून आले की चहा, मग पंपाची खोली, हा नेम मी एकदाही मोडला नाही. गौरी-गणपतीत घर पाहुण्यांनी भरलं होतं तेव्हा मोदकांच्या पिठाचे हात धुऊन मी तिकडे पळाले. एक नणंद म्हणाली, "वहिनींच्या अंगात आलंय." आलंच होतं.

प्रगती मात्र शून्य. मी गज उचलून तारेवर आपटत होते आणि त्यातून फक्त टकटक निघत होती. सासूबाई जेवताना म्हणाल्या, "अगो, पूर्वी निदान रडल्यासारखं तरी वाजवायचीस. आता नुसती सुपारी कातरल्यासारखी वाजवतेस." मला राग आला, कारण त्या खरं बोलत होत्या.

भाद्रपद सरता सरता मी सरांकडे गेले आणि सगळं वाजवून दाखवलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

"उचलतेस कशाला? चेंडू जमिनीवर टाकलास तर तो वर यायला तू खाली वाकून त्याला उचलतेस का?"

"नाही."

"मग याला का उचलतेस? याची काडी लवचिक आहे, तार लवचिक आहे. तू फक्त त्याला अडवू नकोस. तारेवरच राहा. छोटा छोटा गज, मधोमध, हळूहळू वेग वाढव. एका वेगाला तो स्वतःहून सुटेल. उचलायचा नाही, समझी?"

उचलायचा नाही! परतीच्या एसटीत साळावचा पूल ओलांडेपर्यंत माझ्या डोक्यात तेच घुमत होतं. वडीलही उचलू नको म्हणत होते आणि हेही तेच म्हणत होते. इतके महिने मी वडिलांशी भांडतेय असं समजून गज उचलत होते, आणि त्यांचं तर काही म्हणणंच नव्हतं. मला एकदम हलकं वाटलं, आणि खिडकीतून खाडीकडे बघता बघता रडूही आलं. शेजारच्या कोळणीने टोपली पायाशी ओढून मला ऐसपैस जागा करून दिली.

त्यानंतर मी वेगळं करायला लागले. गज तारेवर ठेवायचा, वडिलांनी शिकवला तसा, आणि बोटभर लांबीचाच ओढायचा. पुढे, मागे. मनगट सैल, करंगळी काडीवर नुसती टेकलेली. वेग वाढवत न्यायचा आणि काहीही करायचं नाही. हे काहीही न करणं किती कठीण आहे ते शाळेत परीक्षेचं पर्यवेक्षण केलेल्या माणसालाच कळेल. पाऊस ओसरला, हवा जरा कोरडी झाली, आणि एका संध्याकाळी पंपाच्या खोलीत माझा गज तारेवरून सुटला. मी नाही सोडला, तो सुटला. चार-पाच सूर टपटप पडले आणि मी घाबरून थांबले. मग पुन्हा वाजवलं आणि तो पुन्हा सुटला. मी एकटीच खोलीत "आला, आला!" म्हणून ओरडले. विहिरीवर पाणी पीत असलेली मांजर पळून गेली.

काडीवरच्या एका ठरावीक जागीच तो चांगला उडतो हे लक्षात आल्यावर मी त्या जागी कपाळाची एक लाल टिकली चिकटवून टाकली. सर ते बघून हसले. "गजाला कुंकू लावलंस? अब तो संसार करावाच लागेल." पुढच्या दिवसांत मी त्या टिकलीच्या आसपास मुक्कामच ठोकला. दिवाळीत फराळ करता करता डाव्या हाताने झारा धरला होता आणि उजवं मनगट आपलं आपण हलत होतं. सासूबाईंनी ते बघितलं.

इथे सासूबाईंबद्दल सांगायला हवं. त्या तोंडाने फटकळ आहेत, पण त्यांचा जीव कुठे आहे ते त्यांच्या हातांवरून कळतं. माझा मुलगा परीक्षेला निघाला की त्याच्या डोक्याला तेल, मी बाळंत झाले तेव्हा मला तेल, वाडीतल्या कोयत्याला तेल, दाराच्या कडीला तेल. घरचे नारळ, घरचं खोबरं, घाण्यावरून काढून आणलेलं ताजं तेल. महत्त्वाच्या कामाच्या आदल्या दिवशी तेल लावल्याशिवाय त्या कुणाला घराबाहेर पडू देत नाहीत. मागे कधीतरी त्यांनी मला विचारलं होतं, "हे गजाचे केस कशाचे गो?" मी म्हटलं होतं, "घोड्याच्या शेपटीचे." तेवढ्यावर तो विषय संपला होता.

त्या रविवारी सकाळी निघण्याआधी एकदा हात फिरवावा म्हणून मी व्हायोलिनची पेटी उघडली. गज उचलला, तारेवर ओढला. आवाजच नाही. गज नुसता सरकत गेला, ताटातल्या तुपावरून बोट सरकावं तसा. पुन्हा ओढला. काही नाही. केसांना हात लावला तर बोटं तेलकट.

"आई!" मी ओरडले. वाडीच्या टोकापर्यंत गेला असेल माझा आवाज. "गजाला काय लावलंत?"

त्या स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. "तेल. काल संध्याकाळी. आज तुझं महत्त्वाचं काम ना?"

"व्हायोलिनच्या गजाला तेल?"

"अगो, केवढे रखरखीत झाले होते ते. आणि कोंडा किती! पांढरा पांढरा नुसता. आधी फडक्याने पुसून काढला, मग जिरवलं तेल. घोड्याचे असले म्हणून काय झालं, केसच ना ते?"

तो कोंडा म्हणजे राळ. गजाच्या केसांना राळेची पूड असते म्हणून तर ते तार धरतात, आणि तार धरली तर सूर निघतो. पाच महिने मी ज्या गजाशी जुळवून घेतलं होतं त्याला या बाईंनी न्हाऊमाखू घालून बसवलं होतं. मी संतापाने नुसती बोलत सुटले. काय काय बोलले ते आता नीट आठवत नाही, पण सासूबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा पार उतरला होता हे आठवतं. शेवटी त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मग आता तू नाही जायची?"

त्या प्रश्नाने मी भानावर आले. "जाणार," मी म्हटलं. "का नाही जाणार? खुर्ची माझी आहे." पेटी बंद केली आणि निघाले. नवऱ्याने स्कूटर काढली नसती तर एसटी चुकलीच असती.

सरांकडे बाकीचे दोघे आधीच येऊन बसले होते. मी झाला प्रकार सांगितला. उरणचे काका खोकल्याचं निमित्त करून हसून घेत होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मग पुढच्या रविवारी ठेवू या का?" सर म्हणाले, "पुढच्या रविवारी मुंबईचा माणूस येतोय. त्याला सांगून ठेवलंय." मग त्यांनी भिंतीवरच्या पेटीतून आपला जादा गज काढून दिला. "यावर वाजव."

तो गज माझ्या गजापेक्षा जड होता. मी सवयीने जिथे पकडायचा तिथे पकडला आणि ती टिकलीची जागा अंदाजाने धरून सुरुवात केली. गज दोनदा उडाला, मग आडवातिडवा नाचला आणि तारेवर फरपटत गेला. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच, मगाचपेक्षा वाईट. काकांनी आता मान खाली घातली होती. सर पुढे झाले आणि नोटेशनचं पान मिटायला त्यांनी हात घातला.

"मिटू नका, सर."

माझा आवाज जरा चढलाच. ते थांबले.

"या गजाची जागा मला माहीत नाही," मी म्हटलं. "मला ती शोधू द्या. शोधते आणि मग वाजवते. तोवर तुम्ही चहा घ्या."

शाळेतल्या वर्गाला सांगावं तसंच मी त्या तिघांना सांगितलं होतं. सरांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि खुर्चीत मागे टेकून बसले. चहा कुणीच घेतला नाही. मी मुठीकडून सुरुवात केली. गज तारेवर ठेवला, बोटभर ओढला, वाट बघितली. नाही. जरा वर सरकले. नाही. तिघे ऐकत होते आणि माझ्याकडून नुसती खरखर निघत होती. मला लाज वाटत होती, पण लाज वाटल्याने मनगट आवळलं जातं हेही ठाऊक होतं. म्हणून मी खांदे सोडले आणि अजून जरा वर सरकले. माझी टिकली जिथे असायची त्याच्या बरंच खाली, मुठीच्या बाजूला, तो गज एकदम हलका लागला. मी वेग वाढवला. काही केलं नाही, अडवलं नाही. गज तारेवरून सुटला.

तसाच चालू ठेवून मी पानाकडे डोळे वळवले आणि पहिल्या ओळीपासून वाजवत गेले. एका ठिकाणी तार बदलताना अडखळले, पण गज परत उडायला लागला. पान संपलं तेव्हा माझ्या पाठीवरून घाम वाहत होता.

सर उठले, कोपऱ्यातली रिकामी खुर्ची उचलून आणली आणि आपल्या शेजारी ठेवली. थोडी पुढे ओढली, मग अजून थोडी.

"इथे बस. माझा गज दिसला पाहिजे तुला," ते म्हणाले. "चला, सुरुवातीपासून. सगळे."

मी बसले. मला वाटलं होतं आधी कुणी काही बोलेल, निदान शाब्बास तरी म्हणेल. पण काकांनी व्हियोला हनुवटीखाली धरला होता, डॉक्टरीणबाई चेलो सरळ करत होत्या. सरांनी श्वास घेतला आणि आम्ही सुरू झालो. चारही वाद्यांच्या मध्ये बसून ऐकणं काय असतं ते मला पहिल्यांदा कळलं. सरांचे सूर वर होते, चेलो खालून चालला होता, आणि मधली ती टपोऱ्या सुरांची ओळ माझी होती. ती दुसरं कुणी वाजवत नव्हतं. मी मोहरून गेले, ऐकत राहिले, आणि पान उलटायचं विसरले.

माझा गज थांबला. पुढच्याच क्षणाला सरांचा थांबला, काकांचा थांबला, चेलो थांबला. खोलीत एकदम शांत झालं आणि तिघेही माझ्याकडे बघायला लागले.

"काय झालं?" सरांनी विचारलं. "तू थांबलीस तर आम्ही कशावर वाजवायचं?"

मला इतका आनंद झाला की तो तोंडावर दिसू नये म्हणून मी घाईघाईने पान उलटलं. "चुकलं, सर," मी म्हटलं आणि गज तारेवर ठेवला. "पुन्हा घेऊ या."